थंडीत ट्रॅक्टर सुरू होईना : नोझलचा नट ढिला करण्याआधी काय तपासावे

थंडीत ट्रॅक्टर सुरू होईना, की आपल्याकडे पहिला हात नोझलच्या, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोटीच्या, नटांकडे जातो. नट ढिले होतात, डिझेल सांडते, नळ्यांत नव्हती ती हवा शिरते, ती काढता काढता बॅटरी उतरते आणि सकाळी सातला जो बिघाड एक होता तो नऊ वाजेपर्यंत तीन झालेला असतो. हरभऱ्या-गव्हाचे पाणी, तुरीची मळणी आणि कापसाची ने-आण एकाच वेळी अंगावर आलेली असताना ही चूक महाग पडते. म्हणून या लेखात दुरुस्तीपेक्षा तपासणीच्या क्रमावर अधिक भर आहे. सेल्फने (स्टार्टर मोटरने) सुरू होणारा, १२ व्होल्ट बॅटरीचा आणि साधा इंजेक्शन पंप (नोझलकडे दाबाने डिझेल पाठवणारा पंप) असलेला ट्रॅक्टर येथे गृहीत धरला आहे. हँडल मारून सुरू होणाऱ्या इंजिनाविषयी शेवटी वेगळे लिहिले आहे.

नागपुरात २९ डिसेंबर २०१८ रोजी किमान तापमान ३.५ अंशांपर्यंत उतरले होते आणि गोंदियाकडे पारा हिवाळ्यात दहाच्या खाली जातोच. तरीही विदर्भातली थंडी निरोगी डिझेल इंजिनाला अडवण्याइतकी कडक नसते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा साधारण सोळा ते अठरा पट दाबली गेली, की ती इतकी तापते की फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. सकाळी हवा गार, सिलिंडरच्या भिंती गार, ऑइल घट्ट आणि बॅटरी मंद अशा चार गोष्टी एकत्र येतात. सेल्फ हळू फिरतो आणि दाबलेल्या हवेची ऊब भिंतींत मुरून जाते. पावसाळ्यापासून जे काही किंचित कमजोर झालेले असते, ते अशा सकाळी उघडे पडते. ते नेमके कोणते, एवढेच शोधायचे आहे.

तयारी

पान्यांचा संच, मल्टिमीटर किंवा निदान तारा जोडलेला १२ व्होल्टचा दिवा, पॉलिश पेपर, खाण्याचा सोडा, स्वच्छ सुती कापड, एक पारदर्शक बाटली आणि डिझेलच्या नळ्यांना लागणारे तांब्याचे नवे वॉशर जवळ ठेवावेत. चिंध्यांऐवजी सुती कापड यासाठी म्हटले, की चिंधीचा एक धागा पंपात गेला तरी पुढचा खर्च हजारांत जातो.

ट्रॅक्टर सपाट जागी, गिअर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, पीटीओ (अवजार फिरवणारा मागचा दांडा) बंद आणि मागचे अवजार जमिनीवर टेकवलेले असावे. शेडचे दार उघडावे. बॅटरीजवळ विडी-काडी पेटवू नये, कारण चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो आणि तो ठिणगीने भडकतो.

सावधान : जमिनीवर उभे राहून सेल्फच्या दोन नटांवर पेचकस लावून इंजिन फिरवण्याची रीत गावोगावी आहे. अशा वेळी न्यूट्रलचा सेफ्टी स्विच बाजूला पडतो आणि ट्रॅक्टर गिअरमध्ये राहिला असेल तर तो सुरू होताच उभ्या माणसाच्या अंगावर येतो. कितीही घाई असली तरी सेल्फ सीटवर बसूनच मारावा.

टप्पा १ : पाहणे आणि ऐकणे

एका माणसाला सीटवर बसवून दुसऱ्याने सायलेन्सरचे तोंड दिसेल अशा जागी उभे राहावे. सेल्फ दहा सेकंद मारावा आणि सोडावा. या दहा सेकंदांत दोनच गोष्टी टिपायच्या आहेत: इंजिन किती वेगाने फिरते आणि धूर कोणत्या रंगाचा येतो.

इंजिन अजिबात फिरत नसेल, नुसते टक-टक वाजत असेल किंवा दमल्यासारखे एकेक फेरा घेत असेल, तर डिझेलच्या बाजूला हात लावू नये आणि टप्पा ३ वर जावे. इंजिन नेहमीच्या वेगाने फिरते पण सायलेन्सरमधून धुराचा मागमूस नाही, याचा अर्थ डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचतच नाही. त्यासाठी टप्पा २, ४ आणि ५ आहेत. वेग ठीक आहे आणि पांढरा किंवा करडा, डोळ्यांना झोंबणारा धूर येतो, म्हणजे डिझेल आत जाते पण पेटत नाही. तेथे ऊब किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमधल्या हवेचा दाब) कमी पडते आहे आणि टप्पा ६ व ७ पाहावेत. सुरू होता होता काळा धूर येत असेल तर आधी एअर फिल्टर पाहावा.

पांढरा धूर येत असताना हवा काढायला बसणे हा वेळेचा निव्वळ अपव्यय आहे, कारण तो धूर म्हणजेच न जळलेले डिझेल असते आणि ते आत पोहोचल्याची ती पावती असते.

तपासणी : दर खेपेस सेल्फ दहा सेकंदांहून अधिक मारू नये आणि दोन खेपांमध्ये किमान एक मिनिट थांबावे. तीन खेपांत इंजिन सुरू झाले नाही, तर चौथीही तशीच जाणार असे समजून शोध सुरू करावा. सेल्फ बॅटरीतून दोनशे अँपिअर किंवा त्याहूनही अधिक प्रवाह ओढतो. थांबलेल्या मिनिटात बॅटरी थोडी सावरते आणि सेल्फची वाइंडिंग जळत नाही.

टप्पा २ : साध्या गोष्टी

इंजिन बंद करण्याचा स्टॉप नॉब पूर्ण आत ढकलला आहे का, टाकीखालचा कॉक उघडा आहे का, टाकीत डिझेल आहे का, क्लच पूर्ण दाबला जातो का, आणि गिअरबरोबर हाय-लोचा दांडाही न्यूट्रलमध्ये आहे का, हे हाताने तपासावे, नुसते डोळ्याने पाहून सोडू नये. थंडीत गिअरबॉक्सचे ऑइलही घट्ट होते. क्लच दाबून सेल्फ मारल्यास तेवढे ओझे कमी होते, म्हणून सेफ्टी स्विच नसलेल्या ट्रॅक्टरवरही क्लच दाबण्याची सवय ठेवावी.

हे वाचून हसू येईल, पण एका जानेवारीत मी स्वतः दीड तास नळ्या खोलत बसलो होतो. हरभऱ्याला पाणी द्यायचे होते, दोन्ही फिल्टर उघडून झाले, बोटे गारठून पान्यावर ठरत नव्हती, आणि शेजारच्या वावरातून आलेल्या म्हाताऱ्या ड्रायव्हरने दुरूनच विचारले, "भाऊ, आंधी नॉब त आत ढकलला का?" नॉब आतच होता; पण त्याची तार थंडीत आवरणात अडकून पंपावरचा दांडा बंद स्थितीतच राहिला होता. तेव्हापासून मी नॉबकडे न पाहता पंपावरचा दांडा बोटाने हलवून पाहतो.

ज्या पंपांना नॉबच्या तारेऐवजी विजेवर चालणारा खटका, म्हणजे सोलेनॉइड, असतो, तेथे चावी फिरवताच पंपाजवळ बारीक 'टक' आवाज ऐकू यायला हवा. आवाज नसेल तर त्याची तार निघाली आहे, फ्यूज उडाला आहे किंवा सोलेनॉइड गेला आहे. हेडलाइटसाठी उंदरांनी कुरतडलेल्या तारा आपण तपासतो, ही तार मात्र विसरतो.

टप्पा ३ : बॅटरी, टर्मिनल आणि सेल्फ

थंडीतले बहुतेक किस्से येथेच संपतात, म्हणून या टप्प्याला हवा तेवढा वेळ द्यावा.

प्रथम इंजिन बंद असताना बॅटरीच्या दोन टोकांवर मल्टिमीटर लावावा. रात्रभर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरची चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.४ म्हणजे ती साधारण पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी आणि १२ किंवा त्याखाली म्हणजे जवळपास रिकामी. उन्हाळ्यात अर्ध्या बॅटरीवर ट्रॅक्टर सुरू होतो, म्हणून ती चांगली आहे असा समज होतो. थंडीत मात्र बॅटरीची ताकद घटते आणि घट्ट ऑइलमुळे इंजिन अधिक ताकद मागते.

यानंतर मीटर तसाच ठेवून सेल्फ मारावा. आकडा ९.६ च्या खाली घसरत असेल तर बॅटरी कमजोर आहे. आकडा ११ च्या वर टिकून राहतो आणि तरीही सेल्फ ओढत नाही, तर बॅटरीला दोष देऊ नये. वीज वाटेत कुठेतरी अडते आहे.

मीटर नसेल तर हेडलाइट लावून सेल्फ मारावा. दिवे पार विझले तर बॅटरी किंवा तिची जोडणी खराब आहे. दिवे तेजीत राहिले आणि सेल्फ निपचित पडला, तर वीज सेल्फपर्यंत गेलेलीच नाही: चावीचा स्विच, सेफ्टी स्विच किंवा सेल्फवरचा सोलेनॉइड पाहावा. एकच जाड 'ठक' वाजून पुढे काही होत नसेल तर बहुधा सोलेनॉइडचे आतले पॉइंट किंवा सेल्फचे कार्बन झिजलेले असतात. हे काम इलेक्ट्रिशियनचे.

वाट अडते ती बहुधा टर्मिनलवर. वरून घट्ट दिसणाऱ्या क्लॅम्पच्या आत पांढरा-हिरवा थर बसलेला असतो, आणि वरून कितीही ग्रीस लावले तरी तो तसाच राहतो. दहा सेकंद सेल्फ मारून लगेच दोन्ही टर्मिनलला बोट लावून पाहावे. जे टर्मिनल कोमट लागते तेच खराब. चेसीवर कसलेले अर्थिंगचे टोकही असेच तपासावे, कारण तेथे शेताचा गाळ आणि रंगाचा पापुद्रा यांखाली गंज बसतो आणि कुणाचेच तिकडे लक्ष जात नाही.

साफ करताना आधी निगेटिव्ह काढावे, मग पॉझिटिव्ह. जोडताना उलट क्रमाने, निगेटिव्ह सर्वांत शेवटी. हा क्रम चुकला आणि पॉझिटिव्हवरचा पाना चेसीला टेकला तर पाना लाल होतो. गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून थर धुवावा, ते पाणी सेलच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नये, आतली बाजू पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासावी, जोडून घट्ट करावे आणि मगच वरून व्हॅसलीन लावावे. आधी व्हॅसलीन आणि मग क्लॅम्प असे अनेकजण करतात.

सेलमध्ये पाणी कमी असेल तर प्लेटा बुडतील एवढेच डिस्टिल्ड पाणी घालावे. बोअरचे पाणी क्षारांनी बॅटरी मारते. ॲसिड वाढवल्याने ताकद येते हाही गैरसमज आहे, कारण उन्हाने उडते ते पाणी. ॲसिड आतच असते.

दुसऱ्या बॅटरीची मदत घेताना

दुसरा ट्रॅक्टर जवळ आणून, दोन्ही एकमेकांना टेकणार नाहीत असे उभे करून, चांगल्या ट्रॅक्टरचे इंजिन पाच-दहा मिनिटे चालू ठेवावे. पॉझिटिव्हची केबल आधी उतरलेल्या आणि मग चांगल्या बॅटरीला लावावी. निगेटिव्हचे एक टोक चांगल्या बॅटरीला आणि शेवटचे टोक बंद इंजिनाच्या उघड्या लोखंडावर, बॅटरीपासून दूर लावावे, म्हणजे शेवटची ठिणगी बॅटरीपाशी पडत नाही. काढताना बरोबर उलटा क्रम ठेवावा. केबल अंगठ्याएवढी जाड हवी. घरातल्या वायरिंगच्या तारेने सेल्फ फिरत नाही, ती तार मात्र पेटते.

सावधान : बहुतेक मोठ्या ट्रक-टिप्परची वायरिंग २४ व्होल्टची असते. कापूस किंवा रेती भरायला आलेल्या ट्रकवरून ट्रॅक्टरला वीज देऊ नये.

सेल्फ अजूनही जड फिरत असेल तर ऑइलकडे पाहावे. ऑइलच्या नावातला डब्ल्यूआधीचा आकडा थंडीतला पातळपणा दाखवतो. १५डब्ल्यू-४० हे २०डब्ल्यू-४० पेक्षा गार इंजिनात लवकर वाहते. कोणते चालेल ते ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत दिलेले असते. जुने इंजिन धूर मारते म्हणून इंजिन ऑइलमध्ये गिअर ऑइल मिसळण्याचा उपाय काही ठिकाणी सुचवला जातो. त्याने उन्हाळा निभावतो, पण जानेवारीत सेल्फ त्याच चिखलात अडकतो.

टप्पा ४ : डिझेल पोहोचते का आणि कसे आहे

डिझेल गोठले असेल ही शंका आपल्याकडे बरेचदा चुकीची असते, पण पूर्ण निराधार नसते. भारतीय मानक आयएस १४६० नुसार हिवाळ्याच्या, म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या डिझेलचा पोअर पॉइंट (ज्याखाली डिझेल वाहत नाही ते तापमान) ३ अंशांहून अधिक नसावा आणि उन्हाळ्याच्या डिझेलला १५ अंशांपर्यंत सूट आहे. फिल्टरमधून डिझेल जाणे ज्या तापमानाला बंद होऊ शकते त्याची मर्यादा हिवाळ्यात ६ आणि उन्हाळ्यात १८ अंश आहे. म्हणजे डिसेंबरात पंपावरून भरलेले डिझेल विदर्भाच्या नेहमीच्या थंडीत वाहते. मात्र मे महिन्यात ड्रममध्ये भरून ठेवलेले डिझेल जानेवारीच्या पहाटे मेण धरू शकते. बाटलीत ते गढूळ, दह्याच्या निवळीसारखे दिसते आणि उन्हात ठेवल्यावर पुन्हा स्वच्छ होते. अशा वेळी ऊन चढेपर्यंत थांबावे आणि उरलेल्या ड्रममध्ये ताजे डिझेल मिसळून ते आधी संपवावे. रॉकेल मिसळून पातळ करण्याचा मार्ग टाळावा, कारण पंपाचे वंगण डिझेलनेच होते.

पाण्याची तक्रार याहून अधिक आढळते. दिवसा २८-२९ अंश आणि रात्री दहा अंश असा फरक असला, की अर्ध्या रिकाम्या टाकीत दव साचते आणि पाणी जड असल्याने तळाशी बसते. सेडिमेंट बोल (पाणी-गाळ साठणारी वाटी) किंवा फिल्टरखालचा स्क्रू उघडून पहिले अर्धा ग्लास डिझेल बाटलीत घ्यावे आणि दहा मिनिटे स्थिर ठेवावे. तळाशी वेगळा थर किंवा काचेवर चिकटलेले थेंब दिसले तर पाणी आहे. शुद्ध डिझेल येईपर्यंत काढत राहावे.

तपासणी : फीड पंपाला (टाकीतले डिझेल ओढून पुढे पाठवणाऱ्या पंपाला) येणारी नळी काढून, कॉक उघडा ठेवून धार पाहावी. टाकी वर असलेल्या ट्रॅक्टरमध्ये धार सलग हवी. थेंबथेंब येत असेल तर टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र, टाकीतली जाळी आणि पहिला फिल्टर याच क्रमाने पाहावे. झाकण ढिले केल्याबरोबर धार वाढली, तर पुढे काही खोलण्याची गरज नाही.

टप्पा ५ : हवा काढणे

हा टप्पा फक्त तेव्हा, जेव्हा धूर नाही, दांडा मोकळा आहे आणि डिझेल फीड पंपापर्यंत येते आहे.

आधी एक छोटी परीक्षा. सकाळी सेल्फ मारण्याआधी फीड पंपावरचा हात-पंप वीस-पंचवीस वेळा दाबावा. सुरुवातीला तो पोकळ लागतो आणि मग घट्ट होतो. त्यानंतर इंजिन पहिल्याच फेऱ्यात सुरू झाले तर रात्री डिझेल मागे ओसरते आहे, म्हणजे टाकी आणि फीड पंप यांच्यामध्ये कुठेतरी हवा शिरते किंवा फीड पंपाचा व्हॉल्व्ह बसत नाही. ओढणाऱ्या नळीतून डिझेल बाहेर गळत नाही, आत हवा जाते, म्हणून ओले न दिसणारी जोडणीही दोषी असू शकते. रबरी नळी थंडीत आखडते आणि क्लिप ढिली पडते. टाकी भरली की सुरू आणि अर्धी झाली की अडते, हेही याच दोषाचे लक्षण आहे.

हवा काढण्याचा क्रम टाकीपासून इंजिनाकडे असाच ठेवावा:

१. पहिल्या फिल्टरच्या माथ्यावरचा ब्लीड स्क्रू दोन फेरे ढिला करावा आणि बुडबुड्यांशिवाय सलग डिझेल येईपर्यंत हात-पंप दाबावा. डिझेल येत असतानाच, दाब न सोडता, स्क्रू कसावा. आधी हात-पंप सोडून मग स्क्रू कसला तर हवा पुन्हा आत ओढली जाते, आणि तासभर हवा काढूनही संपत नाही याचे कारण बहुधा हेच असते.

२. दुसऱ्या फिल्टरवर हेच करावे.

३. इंजेक्शन पंपावरच्या ब्लीड स्क्रूवर हेच करावे. येथे सुरुवातीला फेस येतो. फेस संपून काचेसारखी धार यायला हवी.

४. एवढे झाल्यावर सेल्फ मारून पाहावा. बरेचदा इंजिन येथेच सुरू होते आणि नोझलच्या नटांची गरजच उरत नाही.

५. तरीही सुरू न झाल्यास नोझलकडचे नट एकेक फेरा ढिले करावेत, रेस पूर्ण द्यावी, सेल्फ दहा सेकंद मारावा आणि प्रत्येक नटातून डिझेल उसळताना दिसले की तो कसावा.

ज्या नळीचा बँजो बोल्ट (डिझेल आतून जाणारा पोकळ बोल्ट) खोलला असेल तिचे तांब्याचे वॉशर बदलावेत. दबून चपटे झालेले वॉशर दुसऱ्यांदा नीट बसत नाही आणि आठवड्याने तीच तक्रार परत येते.

सावधान : ढिल्या नटाजवळ बोट किंवा चेहरा नेऊ नये. नोझलचे डिझेल कातडीतून आत शिरण्याइतक्या दाबाने येते. जखम टाचणीएवढी दिसली तरी ताबडतोब दवाखान्यात जावे लागते. आणि कॉमन रेल (सर्व नोझलना एकाच अतिदाबाच्या नळीतून डिझेल देणारी रचना) असलेल्या ट्रॅक्टरवर पाचवी पायरी मुळीच करू नये. ५० अश्वशक्तीच्या वरच्या ट्रॅक्टरना जानेवारी २०२३ पासून नवे प्रदूषण-निकष लागू झाल्यामुळे अशी इंजिने आता गावात येऊ लागली आहेत. त्यांच्या जाड नळ्यांतला दाब एक हजार बारच्याही पलीकडे असतो आणि त्या कधीच ढिल्या करायच्या नसतात.

टप्पा ६ : पांढरा धूर येतो, पण पेटत नाही

आपल्या बहुसंख्य ट्रॅक्टरच्या इंजिनांत डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते आणि त्यांना हीटर प्लग नसतो. जुन्या जीप आणि पिकअपच्या काही इंजिनांत तो असतो, तर काही ट्रॅक्टरमध्ये आत जाणारी हवा तापवणारा हीटर मॅनिफोल्डवर (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळीवर) बसवलेला असतो. हीटर असेल तर चावी त्याच्या स्थितीत दहा ते वीस सेकंद धरून मगच सेल्फ मारावा. चावी एका झटक्यात शेवटपर्यंत फिरवण्याची सवय हीटरचा उपयोगच संपवते.

प्लग तपासण्यासाठी त्यांना जोडणारी पट्टी काढावी, टेस्ट दिव्याचे एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि दुसरे प्लगच्या माथ्याला लावावे. दिवा लागला तर प्लगची तार शाबूत आहे; न लागला तर तो प्लग बदलावा. चारपैकी दोन मेले तर इंजिन उन्हाळ्यात कळूही देत नाही.

हीटर नसलेल्या इंजिनाला ऊब देण्याचा निर्धोक उपाय म्हणजे गरम पाण्यात पिळलेले जाड कापड इनटेक मॅनिफोल्डभोवती गुंडाळणे आणि पाच मिनिटे ठेवणे. अंघोळीला चालेल एवढेच गरम पाणी घ्यावे, उकळते नको. गार बिडाला त्याने तडा जातो. इंजेक्शन पंपावर तर गरम पाणी मुळीच ओतू नये. त्याच्या आतल्या भागांमधली फट इतकी बारीक असते की बाहेरचा भाग आणि आतला भाग वेगवेगळ्या वेगाने फुगले की पंप जाम होतो.

आता न करायच्या गोष्टी, ज्या आपल्याकडे सर्रास केल्या जातात. ऑइल पॅनखाली पऱ्हाटीचा जाळ करू नये. गळलेले डिझेल, रबरी नळ्या आणि वायरिंग तेथेच असते. एअर फिल्टरच्या तोंडाशी पेट्रोलचा बोळा किंवा इथरचा फवारा धरू नये. पेट्रोल वेळेआधी भडकते, पिस्टनच्या रिंगा तुटतात, आणि मॅनिफोल्डमध्ये तापलेला हीटर असेल तर स्फोट बाहेर येतो. एकदा अशी सवय लागलेल्या इंजिनाचे कॉम्प्रेशन उतरत जाते, आणि मग ते खरोखरच पेट्रोलच्या वासाशिवाय सुरू होत नाही.

टप्पा ७ : एअर फिल्टर आणि कॉम्प्रेशन

एअर फिल्टर काढून सेल्फ मारल्यास फरक पडतो का ते एकदाच पाहावे. ऑइल बाथ फिल्टर असेल तर त्यातले ऑइल खुणेपर्यंतच हवे. तुरीच्या मळणीनंतर त्यात भुसा आणि धुळीचा चिखल झालेला असतो.

दुपारी ऊन असताना झटक्यात सुरू होणारा आणि पहाटे चांगल्या बॅटरीवरही फक्त पांढरा धूर देणारा, शिवाय चालताना ब्रीदरमधून (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) भकाभका वाफ सोडणारा ट्रॅक्टर कॉम्प्रेशनचा रुग्ण असतो. आधी टॅपेटची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाची) फट मोजून घ्यावी, कारण पूर्ण न बसणारा व्हॉल्व्हही हेच करतो आणि ते काम स्वस्त आहे. मग नोझल मशिनवर तपासून घ्यावीत. फवारा न देता थेंब टाकणारे नोझल गार सिलिंडरमध्ये पेट घेऊ देत नाही. रिंगा आणि लायनर हा शेवटचा खर्च, तो सुरुवातीलाच कुणी सांगत असेल तर कॉम्प्रेशन गेज लावून आकडा दाखवण्यास सांगावे.

दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून सुरू करणे हा रोजचा उपाय होऊ देऊ नये. करावेच लागले तर वरच्या गिअरमध्ये, मोकळ्या सपाट जागी, साखळीपासून माणसे दूर ठेवून करावे. स्टॉप नॉब चालतो याची आधी खात्री करून घ्यावी, कारण ओढताना इंजिन अचानक पूर्ण रेसवर गेले तर तेवढाच लगाम हातात असतो.

टप्पा ८ : सुरू झाल्यानंतरची पाच मिनिटे

ऑइलचा दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. विझला नाही तर इंजिन लगेच बंद करावे. रेस मधल्या पातळीखाली ठेवून पाच मिनिटे चालू द्यावे, गार इंजिनाला एकदम पूर्ण रेस देऊ नये. मीटर पुन्हा बॅटरीवर लावावा: १३.८ ते १४.४ व्होल्टच्या दरम्यान आकडा हवा. तो १२.५ वरच अडकला असेल तर अल्टरनेटर किंवा त्याचा बेल्ट काम करत नाही आणि उद्या सकाळी हीच कथा पुन्हा घडेल. दहा मिनिटे चालवून बंद केलेला ट्रॅक्टर बॅटरीतून घेतलेले परत करत नाही. अशा दिवशी निदान अर्धा-पाऊण तासाचे काम एकसलग करावे.

हँडलच्या इंजिनासाठी

विहिरीवरच्या एका सिलिंडरच्या इंजिनाला बॅटरी नसते, म्हणून तेथे क्रम छोटा आहे. डिकॉम्प्रेशनचा (सिलिंडरमधला दाब सोडणारा) खटका उचलून, डिझेल बंद ठेवून, दहा-बारा वेळा हँडल फिरवावे, म्हणजे ऑइल सगळीकडे पोहोचते. मग डिझेल सुरू करून फिरवताना नोझलमधून करकर असा आवाज येतो का ते ऐकावे. तो येत असेल तर डिझेल पोहोचते आहे. न आल्यास हवा काढावी. आवाज येत असेल तर वेग पकडून खटका पाडावा. हँडल धरताना अंगठा बाकीच्या चार बोटांच्याच बाजूला ठेवावा, मुठीत गुंडाळू नये, कारण उलटा झटका बसला तर अंगठा किंवा मनगट मोडते. ओढणी, मफलर, सैल बाही आणि हिवाळ्यात अंगावर घेतलेली घोंगडी आधी काढून ठेवावी.

सिलिंडर फारच कोरडा असेल तर इनटेकमधून इंजिन ऑइलचे दोन-चार थेंब सोडल्यास रिंगा तात्पुरत्या धरतात. चमचाभर ओतू नये.

आदल्या संध्याकाळी

टाकी रात्री भरून ठेवावी, सकाळी नव्हे. सेडिमेंट बोलमधले पाणी आठवड्यातून एकदा काढावे. ट्रॅक्टर उघड्यावर उभा करावा लागत असेल तर त्याचे तोंड पूर्वेकडे ठेवावे, म्हणजे पहिले ऊन इंजिनावर येते, आणि बॉनेटवर ताडपत्री टाकावी. बॅटरी जुनी असेल आणि चार-आठ दिवस ट्रॅक्टर उभा राहणार असेल तर निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवावे.

इतके करूनही मिस्त्रीला बोलवायची वेळ आली, तर फोनवर "सुरू होत नाही" एवढेच सांगू नये. सेल्फ मारताना बॅटरीचा आकडा कितीवर गेला, धूर होता की नव्हता आणि कोणत्या रंगाचा, दुपारी सुरू होतो का, हात-पंप दाबल्यावर फरक पडतो का, आणि आपण कोणता नट खोलला, या पाच गोष्टी सांगाव्यात. शेवटची लपवू नये. ढिला राहिलेला नट मिस्त्रीला सापडेपर्यंत त्याचा तास जातो आणि तो तास बिलात लागतो.